अंगठीचा न्याय

अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ चालतो, त्याच्या रसिकांतील एक वाद कधीं शमत नाहीं. एखाद्या मोठ्या खेळाडूचें नांव निघालें कीं एक पक्ष त्याच्या पराक्रमाचे आंकडे मांडूं लागतो, आणि दुसरा पक्ष शांतपणें एवढेंच विचारतो, ‘अंगठ्या किती?’ हंगामाच्या अखेरीस सुपर बोल नांवाचा अंतिम सामना होतो. तो जिंकणाऱ्या संघांतील गड्यांस विजयाची खूण म्हणून एक जडावाची अंगठी मिळते. ती ज्याच्या बोटांत नाहीं, त्याच्या साऱ्या कर्तृत्वाला या एका प्रश्नानें ग्रहण लागतें. अशा ग्रहण लागलेल्यांत डॅन मरीनो हा अग्रगण्य होय. त्याचा खेळ १९९९ च्या हंगामाबरोबर संपला. त्याच्यावरील टीका मात्र संपली नाहीं. आम्ही या वादांत तटस्थ नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. आम्ही मरीनोचे चाहते आहों. परंतु चाहत्यानें वकिली करावयाची तर ती पुरावा पुढें ठेवून करावी, आणि प्रतिपक्षाच्या म्हणण्यांत जें खरें असेल तें मोकळ्या मनानें खरें म्हणावें, अशी आमची समजूत आहे. या लेखांत तसा यत्न केला आहे.

ज्या वाचकांस हा खेळ परिचयाचा नाहीं, त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात त्याच्याशीं या खेळाचें नांवापलीकडे फारसें नातें नाहीं. अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर अक्षरशः जमिनीसाठीं झगडतात. चेंडू ज्या संघाकडे असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. पुढें सरकण्याचे मार्ग दोन : चेंडू पोटाशीं धरून धांवणें, किंवा तो पुढें पळणाऱ्या आपल्या गड्याकडे फेंकणें. हा फेंकणारा तो क्वार्टरबॅक. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला म्हणजे टचडाउन होऊन सहा गुण मिळतात. लाथ मारून तो खांबांमधून पार केला तर तीन. फेंकलेला चेंडू मध्येंच प्रतिपक्षानें झेलला तर त्याला इंटरसेप्शन म्हणतात, आणि तें क्वार्टरबॅकच्या नांवावर उणें म्हणून मांडलें जातें. साखळीचे सामने संपल्यावर निवडक संघांचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, होतात. तेथें एक हार झाली कीं त्या संघाचें वर्ष संपलें.

या सर्वांत एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावयाची. चढाई करणारे अकरा आणि बचाव करणारे अकरा हे एकाच संघाचे असले तरी ते निरनिराळे गडी असतात. प्रतिपक्षाची चढाई सुरू झाली कीं क्वार्टरबॅक मैदानाबाहेर येऊन उभा राहतो, आणि आपला संघ ती कशी थोपवितो किंवा कसा ढासळतो, हें इतर प्रेक्षकांप्रमाणेंच पाहतो. म्हणजे सामन्याचा जवळजवळ अर्धा भाग त्याच्या हाताबाहेर असतो. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

मरीनोचा जन्म १९६१ सालीं पिट्सबर्ग येथें झाला, आणि तेथील विद्यापीठाच्या संघांतूनच तो पुढें आला. १९८३ सालीं नव्या खेळाडूंची निवड झाली तेव्हां निरनिराळ्या संघांनीं पांच क्वार्टरबॅक त्याच्याआधीं उचलले. सत्ताविसाव्या क्रमांकावर मायामीच्या डॉल्फिन्स संघानें त्याला घेतलें. दुसऱ्याच हंगामांत, म्हणजे १९८४ सालीं, त्यानें ५,०८४ यार्डांची फेंक केली आणि ४८ टचडाउन फेंकले. तोपर्यंत एका हंगामांत ३६ टचडाउनच्या पुढें कोणी गेला नव्हता, आणि पांच हजार यार्डांचा उंबरठा कोणीं ओलांडला नव्हता. ४८ चा उच्चांक २००४ पर्यंत आणि ५,०८४ चा २०११ पर्यंत अबाधित राहिला. मधल्या काळांत फेंकणाऱ्याला व झेलणाऱ्याला अधिकाधिक संरक्षण देणारे नियम झाले, हें लक्षांत घेतलें म्हणजे या दोन आंकड्यांचें मोल आणखीच वाढतें. मरीनो मोठा धांवणारा नव्हता. पण चेंडू हातांत आला न आला तोंच तो सोडण्याची त्याची हातोटी अशी विलक्षण होती कीं प्रतिपक्षाचे दांडगे गडी त्याच्यापर्यंत पोंचत तेव्हां चेंडू केव्हांच निघून गेलेला असे. त्या सबंध १९८४ च्या साखळींत चेंडू हातांत असतां त्याला केवळ १३ वेळां पाडतां आलें. सतरा वर्षें तो एकाच संघाकडून खेळला, आणि निवृत्त झाला तेव्हां ६१,३६१ यार्ड व ४२० टचडाउन हे त्याचे दोन्ही आंकडे त्या खेळाच्या इतिहासांत सर्वांत मोठे होते.

याच मरीनोच्या नांवापुढें टीकाकार दुसरे आंकडे मांडतात. प्लेऑफचे सामने १८, विजय ८, पराभव १०. सुपर बोल एकच, २० जानेवारी १९८५ रोजीं झालेला. आणि त्यांत ३८–१६ अशी हार. तेवीस वर्षांचा असतांना तो त्या सामन्यापर्यंत पोंचला, आणि पुढें पंधरा हंगाम खेळूनही तेथें पुन्हां गेला नाहीं. या आंकड्यांवरून जे आक्षेप निघतात ते तीन आहेत. एक फळाचा : त्यानें विजेतेपद मिळविलें नाहीं, म्हणून तो पहिल्या पंक्तीचा नव्हे. दुसरा स्वभावाचा : मोठ्या प्रसंगीं त्याचें धैर्य खचे. तिसरा परिणामाचा : त्याच्या फेंकीच्या मोहानें संघ एकांगी झाला आणि म्हणूनच हरला. हे तिन्ही आक्षेप पुष्कळदां एकत्र कालविले जातात, आणि एकाला उत्तर दिलें कीं बोलणारा हळूच दुसऱ्याच्या आड जातो. म्हणून ते वेगळे करून पाहणें इष्ट आहे.

पहिला आक्षेप घेऊं. १९८५ च्या त्या सामन्यांत मायामीची गांठ सॅन फ्रॅन्सिस्कोच्या संघाशीं होती. त्या संघानें साखळींतील १६ पैकीं १५ सामने जिंकले होते, आणि सामना झाला तें स्टॅनफर्डचें मैदान त्याच्या घराच्या अंगणांतलेंच म्हणावयाचें. पहिला चतकोर संपला तेव्हां मायामी १०–७ अशी पुढें होती. मग सॅन फ्रॅन्सिस्कोनें फेंक अडविण्यासाठीं मागील बाजूस जादा गडी उभे केले. याला या खेळांत एकच उतारा असतो : चेंडू घेऊन धांवणें. मायामीला तो साधला नाहीं. साऱ्या सामन्यांत तिचे गडी ९ वेळां धांवले आणि मिळून २५ यार्ड गेले. प्रतिपक्षाचे गडी २११ यार्ड धांवले, आणि फेंक धरून त्यांनीं एकूण ५३७ यार्ड मजल मारली. मरीनोनें ५० फेंकी केल्या, त्यांपैकीं २९ साधल्या, ३१८ यार्ड मिळाले, एक टचडाउन झाला, दोन चेंडू प्रतिपक्षानें झेलले. हा त्याचा उत्तम खेळ नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या ५३७ यार्डांपैकीं एकही यार्ड अडविणें मरीनोच्या हातीं नव्हतें. तो त्या वेळीं रेषेबाहेर उभा होता.

आतां ज्यांना अंगठी मिळाली त्यांचे खेळ याच्याशेजारीं ठेवून पाहावे. १९८३ च्या त्याच निवडींत अगदीं पहिल्या क्रमांकानें निवडला गेलेला जॉन एल्वे हा मरीनोचा समकालीन. त्याचा डेन्व्हरचा संघ तीन सुपर बोल हरला, आणि तोपर्यंत त्यालाही हाच बोल ऐकावा लागे. जानेवारी १९९८ मध्यें त्याच्या संघानें तो सामना ३१–२४ असा जिंकला. त्या दिवशीं एल्वेची फेंक १२३ यार्डांची होती. फेंकीवर टचडाउन एकही नाहीं, आणि एक चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं. सामना जिंकून दिला तो टेरेल डेव्हिस या धांवणाऱ्यानें : १५७ यार्ड आणि तीन टचडाउन. ३१८ यार्डांचा मरीनो खचला आणि १२३ यार्डांचा एल्वे तरला, असें म्हणावयाचें असेल तर म्हणावें. पण त्यांत क्वार्टरबॅकचें मोजमाप कोठें झालें? एल्वे थोर होता, यांत संशय नाहीं. तो त्या दिवसाच्या आधींही तितकाच थोर होता, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

पेटन मॅनिंगचें उदाहरण याहूनही बोलकें आहे, कारण तेथें माणूस एकच आणि संघही एकच. २०१३ च्या हंगामांत त्यानें डेन्व्हरकडून ५५ टचडाउन आणि ५,४७७ यार्ड असे तोपर्यंतच्या सर्व उच्चांकांवरचे आंकडे नोंदविले, आणि फेब्रुवारी २०१४ मध्यें सुपर बोल ४३–८ असा हरला. दोन वर्षांनीं, शरीर थकलेलें असतां, त्याच्या साखळींत ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन झाले; अंतिम सामन्यांत फेंक १४१ यार्डांची, टचडाउन शून्य; आणि बचाव करणाऱ्यांच्या बळावर संघ २४–१० असा जिंकला. आयुष्यांतील सर्वांत मोठ्या हंगामाला हार आणि सर्वांत दुबळ्या हंगामाला अंगठी! ज्या मापानें असा निकाल निघतो, तें माप माणसाचें नसून संघाचें आहे, हें सांगावयास आणखी काय पाहिजे?

आणखी पाहिजेच असेल तर तें मायामीच्या घरांतच सांपडतें. मरीनोच्या आधीं त्या संघाचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी हा होता, आणि शिक्षक डॉन शुला हाच. जानेवारी १९७४ मधील सुपर बोल मायामीनें २४–७ असा जिंकला. त्यांत ग्रीसीनें सबंध सामन्यांत ७ फेंकी केल्या. ६ साधल्या, ७३ यार्ड झाले. बाकीचें काम लॅरी झोंका या धिप्पाड गड्यानें १४५ यार्ड धांवून केलें. ग्रीसीनें आपलें काम चोख केलें, त्याच्या अंगठीबद्दल आमची तक्रार नाहीं. पण सात फेंकींत जें मिळतें तें पन्नास फेंकींत मिळालें नाहीं म्हणून पन्नासवाल्याला दोष देणें, म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणें आहे. खुद्द शुलाचा संघ सहा सुपर बोल खेळला आणि त्यांतील चार हरला. पण दोन जिंकले असल्यामुळें त्याला कोणी कच्च्या मनाचा म्हणत नाहीं. आणि ज्यांनीं अंगठी मिळविली त्यांचा तरी या मापावर विश्वास असतो काय? बाल्टिमोरनें जानेवारी २००१ मध्यें ट्रेंट डिल्फर या क्वार्टरबॅकसह विजेतेपद मिळविलें, आणि पुढच्या हंगामासाठीं त्याला ठेवलें नाहीं. तो विजय मुख्यतः आपल्या बचावाचा आहे, हें त्या संघाच्या चालकांस पक्कें ठाऊक होतें.

आतां दुसरा आक्षेप : मोठ्या प्रसंगीं मरीनोचें धैर्य खचे. हा आक्षेप अधिक कडू, कारण तो माणसाच्या अंतःकरणावर आहे. तथापि तो तपासतां येतो. साखळीच्या २४२ सामन्यांत त्याची सरासरी सामन्यास सुमारें २५४ यार्ड पडते. प्लेऑफच्या १८ सामन्यांत ती सुमारें २५१ आहे. टचडाउनची सरासरी तेथें १.७, येथें १.८. याला कोणी खचणें म्हणत असेल तर शब्दांचे अर्थच बदलावे लागतील. इंटरसेप्शन मात्र वाढले, हें खरें आहे : साखळींत सामन्यास एक, प्लेऑफांत एक आणि एकतृतीयांश. पण प्लेऑफांत त्याला फेंकीही अधिक कराव्या लागल्या, सामन्यास ३८. साखळींत त्या ३४-३५ होत्या. शंभर फेंकींमागें मोजलें तर तीनचे साडेतीन झाले. प्लेऑफांत समोर येतात ते निवडक संघ. आणि संघ मागें पडला कीं क्वार्टरबॅकला धोका पत्करूनच फेंकावें लागतें. हा वाढावा त्या दोन कारणांनीं पुरतेपणीं उलगडतो असा आमचा दावा नाहीं; पण त्यावरून भित्रेपणा सिद्ध होत नाहीं, एवढें निश्चित.

आंकड्यांनीं समाधान होत नसेल तर सामनेच पाहावे. ८ जानेवारी १९९५ रोजीं सॅन डिएगो येथें मध्यंतराला मायामी २१–६ अशी पुढें होती. तिन्ही टचडाउन मरीनोच्या फेंकीचे, आणि सबंध सामन्यांत इंटरसेप्शन एकही नाहीं. पुढें मायामीचा धांवणारा गडी आपल्याच रेषेमागें पाडला गेल्यानें प्रतिपक्षास दोन गुण मिळाले, आणि शेवटचीं ३५ सेकंदें उरलीं असतां सॅन डिएगोनें आघाडी घेतली. तरीही मरीनोनें त्या तुटपुंज्या वेळांत संघाला अशा जागीं आणून उभें केलें कीं लाथेचा एक फटका बसला असता तर सामना मायामीचा होता. ४८ यार्डांवरून मारलेला तो फटका खांबाच्या उजव्या बाजूनें गेला. निकाल २२–२१. टीकाकाराच्या वहींत हा मरीनोचा पराभव म्हणून नोंदला आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर रोजीं, बफलोच्या संघानें मायामीला ३७–२२ असें हरविलें. मरीनोची फेंक ४२२ यार्डांची होती. तीन चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं गेले, हेंही सांगितलें पाहिजे. पण बफलोचे गडी त्या दिवशीं मायामीच्या बचावांतून ३४१ यार्ड धांवत गेले. ज्या संघाच्या भिंतीला एवढें खिंडार पडलें, त्याच्या क्वार्टरबॅकच्या मनाची दुर्बळता शोधीत बसणें, हें साप म्हणून भुई धोपटणें होय.

याचा अर्थ मरीनो प्रत्येक वेळीं निर्दोष होता असा नाहीं. १२ जानेवारी १९८६ रोजीं मायामी स्वतःच्या मैदानावर न्यू इंग्लंडकडून ३१–१४ अशी हरली. तो सामना जिंकला असता तर मरीनो लागोपाठ दुसऱ्यांदा सुपर बोलला गेला असता. त्या दिवशीं त्याच्या ४८ फेंकींपैकीं २० च साधल्या. मायामीनें सहा वेळां चेंडू गमावला. त्यांतल्या कांहीं वेळांचा जबाबदार तो होता. हा डाग आम्ही पुसूं पाहत नाहीं. जानेवारी २००० मध्यें जॅक्सनव्हिलनें ६२–७ असा जो धुव्वा उडविला, तो त्याचा अखेरचा सामना. त्यांतही त्याच्या बाजूनें सांगण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु त्याच्या आदल्याच आठवड्यांत अडतीस वर्षांच्या या गड्यानें सिअॅटलला जाऊन पिछाडीवरून २०–१७ असा विजय मिळविला होता. आणि ६ जानेवारी १९८५ रोजीं, सुपर बोलचा दरवाजा उघडणाऱ्या सामन्यांत, त्यानें पिट्सबर्गविरुद्ध ४२१ यार्ड व चार टचडाउन फेंकून ४५–२८ असा जय मिळविला. ज्याचें काळीज मोठ्या सामन्यांत खचतें, त्याचें तें नेमकें त्या दिवशीं कसें शाबूत राहिलें? टीकाकार शितावरून भाताची परीक्षा करतात, याला आमची हरकत नाहीं. पण शितें निवडतांना कच्चींच तेवढीं वेंचूं नयेत.

तिसरा आक्षेप सर्वांत विचारी, आणि म्हणून सर्वांत बिकट. त्याचें म्हणणें असें कीं मरीनोची फेंक इतकी मोहक होती कीं मायामीनें दुसरें कांहीं उभेंच केलें नाहीं. यांत तथ्य आहे. त्याच्या सतरा हंगामांत मायामीचा धांवणारा गडी हजार यार्डांच्या पलीकडे एकदांच गेला : १९९६ सालीं, करीम अब्दुल-जब्बार. बचावाची स्थितीही तशीच. त्या बचावाचा शिल्पकार बिल आर्न्सपार्गर हा १९८३ च्या हंगामानंतर एका विद्यापीठाचा मुख्य शिक्षक होऊन निघून गेला; म्हणजे मरीनोची फेंक जेव्हां फुलली, नेमकी त्याच वर्षीं मागील भिंतीचा कारागीर घर सोडून गेला. मायामीनें यत्न केला नाहीं असें नव्हे; १९८९ च्या निवडींत अगदीं वरच्या, नवव्या क्रमांकावर सॅमी स्मिथ हा धांवणारा गडी घेतला. पण तो यत्न फळला नाहीं.

परंतु हें सर्व मान्य केलें तरी दोष कोणाचा ठरतो? ज्या घरांत एक मुलगा कर्ता निघतो, त्या घरांतील इतर माणसें त्याच्या मिळकतीवर विसंबून राहतात, हा अनुभव आपणांस नवा नाहीं. पुढें अडचणीचा दिवस आला आणि त्या एकट्याची मिळकत पुरी पडली नाहीं, तर ‘तूं इतकें मिळवीत होतास म्हणून आम्ही आळशी झालों’ असें त्याला म्हणणें हा कोणता न्याय? गडी निवडणें, बचाव बांधणें, धांव आणि फेंक यांचा तोल राखणें, हें काम चालकांचें आणि शिक्षकाचें. क्वार्टरबॅकनें फार चांगलें खेळूं नये, म्हणजे इतरांना आपली उणीव दिसेल, अशी अपेक्षा कोणीं करूं नये.

मग एवढा उघड विषय असतां हा अन्याय टिकतो कसा? आमच्या मतें त्याचें एक कारण हिशेबाच्या पद्धतींत आहे. या खेळाच्या नोंदींत संघाचे जय-पराजय क्वार्टरबॅकच्या नांवापुढें लिहिण्याची चाल पडली आहे. ‘मरीनोचे विजय आठ, पराभव दहा’ असें एकदां छापलें गेलें कीं बाकीचे गडी त्या वाक्यांतून नाहींसे होतात. क्रिकेटची नोंदवही याहून न्यायी आहे. १९४३ च्या डिसेंबरांत मुंबईस पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत झाली, तींत इतरांच्या म्हणजे रेस्ट संघाकडून विजय हजारे यांनीं दुसऱ्या डावांत ३०९ धांवा काढल्या. संघाची सारी धांवसंख्या ३८७ होती. त्यांचे बंधु विवेक यांनीं २१ धांवा करून ३०० धांवांची भागी तोलून धरली. तरीही हिंदू संघानें तो सामना एक डाव आणि ६१ धांवांनीं जिंकला. मराठी रसिकांनीं त्या ३०९ धांवांना ‘पराभवांतल्या’ म्हणून कधीं हिणविलें नाहीं. उलट त्या पराभवामुळेंच त्या अधिक आठवल्या जातात. हजारे यांच्या धांवा एका रकान्यांत आणि सामन्याचा निकाल दुसऱ्या रकान्यांत, अशी व्यवस्था तेथें आहे. मरीनोच्या नशिबीं हे दोन रकाने एकच झाले.

दुसरें कारण मनुष्यस्वभावांत आहे. दहा कारणांनीं झालेला पराभव सांगावयास कठीण आणि ऐकावयास कंटाळवाणा. बचाव ढासळला, धांवणारा गडी नव्हता, लाथ चुकली, समोरचा संघ खरोखरच बलवान होता, अशी यादी कोणाच्या स्मरणांत राहणार? ‘तो खचला’ हे दोन शब्द मात्र कायमचे राहतात. खेळाच्या टीकेंत हा मोह जसा आहे तसा तो इतिहासाच्या आणि चरित्राच्या टीकेंतही आहे. आणि टीकाकाराची खरी परीक्षा त्या मोहापासून दूर राहण्यांतच आहे. येथें एक गोष्ट प्रतिपक्षाच्या बाजूनें बोलली पाहिजे. विजयाच्या वेळीं क्वार्टरबॅकला वाहवा आणि पैसा इतरांहून अधिक मिळतो. तेव्हां पराभवांतही त्याचा वाटा अधिक असावा, हें रास्तच आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं मोठा वाटा म्हणजे सगळा वाटा नव्हे.

आमच्या पक्षाच्या लोकांनींही एक मर्यादा पाळावी. पराभवाला उगाच पुण्याईचें तेज चढवूं नये. जो मॉन्टानाचा सॅन फ्रॅन्सिस्को संघ त्या दिवशीं अधिक चांगला खेळला, आणि खुद्द मॉन्टानानें ३३१ यार्ड फेंकून तीन टचडाउन केले. त्यानें आपल्या आयुष्यांत चार अंगठ्या मिळविल्या, त्या फुकट मिळाल्या नाहींत. अंगठीला किंमत आहेच. ‘मरीनोनें विजेतेपद मिळविलें नाहीं’ हें वाक्य खरें आहे आणि तें तसेंच राहणार. कोणत्याही वकिलीनें तें खोडतां येणार नाहीं. ‘म्हणून मरीनो अपयशी’ हें अनुमान मात्र खोटें आहे. पहिलें वाक्य घटनेचें, दुसरें माणसाचें. आणि या दोहोंमध्यें जी दरी आहे ती ओलांडण्यास टीकाकाराजवळ पूल नाहीं.

हा वाद जुन्या माणसापुरता असता तर त्यावर इतका कागद खर्चण्याचें कारण नव्हतें. पण तोच बोल नव्या पिढीच्या माथीं येत राहतो. बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनला २०१९ आणि २०२३ या दोन हंगामांत सर्वश्रेष्ठ खेळाडूचा बहुमान मिळाला. दोन्ही हंगामांच्या शेवटीं त्याचा संघ प्लेऑफांत हरला, आणि दोन्ही वेळां तोच अंगठीचा प्रश्न त्याला विचारला गेला. ज्या घरांत मुलें असे सामने पाहतात, तेथें त्यांच्या कानांवर हा प्रश्नही पडतो, आणि त्याबरोबर एक शिकवण नकळत रुजते : शेवटचें बक्षीस हातीं आलें नाहीं तर मधले सारे श्रम व्यर्थ. परीक्षेंत पहिला न आलेला मुलगा, खटला हरलेला निष्णात वकील, रोगी दगावला तरी रात्रभर उशाशीं बसलेला डॉक्टर, या सर्वांचा निवाडा आपण त्याच मापानें करावयाचा काय?

२००५ सालीं त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत मरीनोला स्थान देण्यांत आलें. तेथें त्याची गणना करतांना निवडणाऱ्यांनीं बोटांकडे पाहिलें नाहीं. सतरा वर्षांच्या कामाकडे पाहिलें. आम्हांस वाटतें, त्याच्या टीकाकारांनींही एकदां तेवढेंच करावें. १९८४ चा तो हंगाम आरंभापासून पाहावा, चेंडू हातांतून कसा सुटतो तें पाहावें, आणि मग काय बोलावयाचें तें खुशाल बोलावें.